सगळ्यांना पोचलं

बारशाच्या दिवशीही ज्योतीराम पहाटे गच्चीवर गेलेच. घरात नात आलेली, सुनेची आई मुक्कामाला, बाथरूमला रांग लागलेली, तरी या माणसाचं आभाळ काही चुकत नाही, असं सुभद्राबाई चहाच्या पातेल्याला म्हणाल्या. पातेल्याला त्याची सवय होती.

डिसेंबरचं धुकं अजून संत तुकाराम नगरावरून उठलं नव्हतं. समोरच्या इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते. मेट्रोची पहिली गाडी दिवे लावून आली. खालचे खांब धुक्यात बुडालेले, त्यामुळे ती हवेतूनच चालल्यासारखी वाटली. ज्योतीरामांनी मोबाइल वर धरला, एक डोळा मिटला आणि फोटो काढला.

रिटायर झाल्यापासून हा त्यांचा नेम होता. रोज एक आभाळ, खाली ‘शुभ सकाळ’ आणि एक-दोन शब्द. ‘आज उंट.’ ‘आज परात.’ ‘आज म्हैस, बसलेली.’ हे ते फोनमधल्या सगळ्यांना एकदम पाठवत. धाकटा मुलगा निरंजन हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसतो, त्यानेच त्यांना ते ब्रॉडकास्ट करून दिलं होतं. बापाला करमणूक झाली, असं तेव्हा त्याला वाटलं. म्हशीचं काय, ते त्याने कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं आणि काय सोडून द्यायचं, हे पोरं फार लवकर ठरवून टाकतात.

आज फोटोखाली शब्दच नव्हते. निरंजनच्या ते लक्षात आलं.

“अप्पा, आज काही लिहिलं नाही?”

“सुचलं न्हाई,” ज्योतीराम म्हणाले आणि चहा घेऊन बसले.

बारशाचं आमंत्रणही त्यांनी असंच आभाळासारखं पाठवलं होतं. त्यावरून आठ दिवसांपूर्वी घरात जुंपली होती.

“आवं, बारशाचं आवतण फोनवर देत्यात व्हय?” सुभद्राबाई म्हणाल्या होत्या. “घरी जाऊन कुकू लावून सांगावं लागतं. न्हाईतर मानसं रुसत्यात.”

“तुझे गुडघे जिना तरी उतरतात का? चिंचवड, भोसरी, थेरगाव, कुठं कुठं फिरणार तू?”

“रिक्षानं जाईन.”

“मी रोज सकाळी सगळ्यांना भेटतो की.”

“फोनवर भेटता.”

“भेटतो का न्हाई? मग झालं.” त्यांनी मोबाइल दाखवला. “एक बटण दाबलं की सगळ्यांना पोचतंय.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना,” ज्योतीराम म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता, पण सुभद्राबाईंना त्या वेळी गुडघ्यांचं तेल हवं होतं, त्यामुळे त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तसा भावकीचा एक ग्रुप होता. पण ज्योतीराम त्यातून चार वर्षांपूर्वीच बाहेर पडले होते. मुलीने, करिष्माने, आपल्या मनाने लग्न केलं त्या आठवड्यात कुणीतरी त्यात एक हसणारं चित्र टाकलं होतं. मुलीवर ते स्वतः घर डोक्यावर घेऊन ओरडले होते, “हिच्याशी आयुष्यात एक शब्द बोलणार न्हाई,” असं सगळ्यांदेखत म्हणाले होते. पण दुसऱ्या कुणी हसलेलं त्यांना चाललं नाही.

तेव्हापासून घराने करिष्माचं नाव टाकलं. म्हणूनच आज नाव ठेवायला चुलत आत्या ठरली होती, चिंचवडची इंदुताई. सख्खी आत्या मोशीत राहते, रिक्षाने अर्ध्या तासावर, हे कुणी बोललं नाही. बारशाला आत्या नसली की बाळाच्या कानात नाव सांगायचं कुणी, हा प्रश्न ज्या घरात मुलगी आहे त्या घरात पडतो, याची सुभद्राबाईंना लाज वाटत होती. ती लाज त्यांनी घुगऱ्यांच्या हरभऱ्यांबरोबर रात्रीच भिजत घातली होती.

*

वर्षालीला दिवस आणि रात्र यांतला फरक कळेनासा झाला होता. बाळंतपणानंतर सगळं पाण्याखालून ऐकू येतं तसं येत होतं. गच्चीवर मांडव घातलेला, पांढऱ्या कापडातून दुपारचं ऊन दुधासारखं उतरत होतं, पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि ती खुर्चीत बाळाला घेऊन बसली होती. डोळे मिटत होते. मधेच उघडले की समोर खुर्च्या दिसत. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, तरी खुर्च्याच.

उजवीकडची बाजू भरली होती. ती तिच्या माहेरची. तिची आई शालनबाई जुन्नरहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आली होती. मागच्या दोन रांगांत तिच्या नवऱ्याचे, ज्ञानेशचे, चाकणचे मित्र होते, पहिली शिफ्ट करून तसेच आलेले. डावी बाजू सासऱ्यांच्या माणसांसाठी ठेवलेली. तिथे मोजकीच माणसं होती, आणि तीही एकमेकांना न ओळखणारी.

मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या एक सिस्टर होत्या. पिंपरी कॅम्पातला एक चष्मेवाला बायकोसह आला होता. मार्केटच्या तोंडाशी पालेभाजी विकणारी गोजाबाई नवं लुगडं नेसून, मेथीच्या दोन जुड्या आहेर म्हणून घेऊन बसली होती. नवनाथ रिक्षावाला सारखा उठून विचारत होता, कुणाला आणायला जाऊ का. भावकीतलं कुणी नव्हतं. कंपनीतलं कुणी नव्हतं.

“तुमच्याकडची मानसं मागनं येनार हाईत का?” शालनबाईंनी विहिणीला गोड आवाजात विचारलं.

“येतील की,” सुभद्राबाई म्हणाल्या. “रविवार हाय. वाटंत गर्दी आसंल.”

रविवारी वाटेत गर्दी नसते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ज्ञानेश पाण्याच्या टाकीआड उभा होता. त्याने निरंजनला खुणेने बोलावलं.

“इंदुताई कुठाय? तिला फोन लाव.”

निरंजनने लावला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने फोन ठेवला.

“काय म्हणते?”

“म्हणते, काकांनी आत्या म्हणून मला ठरवलं, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आमंत्रणच नाही आलं. आता मी घरात गाऊन घालून बसलेय, म्हणते.”

“मेसेज गेलाय की तिला. अप्पांनी सगळ्यांना पाठवलाय.”

“पाठवलाय. पोचला नाही.” निरंजनने कपाळावर हात मारून घेतला. “दादा, ब्रॉडकास्ट असं नसतं. समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच त्याला जातं. नाहीतर इथून गेलं असं दिसतं, तिथे काहीच नाही.”

“म्हणजे?”

“अप्पा रिटायर झाले तेव्हा कंपनीचं सिम परत केलं ना? नवा नंबर घेतला. एकेकाला फोन करून सांगितलं, हा माझा नवा नंबर. सगळे हो हो म्हणाले असतील.” त्याने डाव्या बाजूच्या रिकाम्या रांगांकडे पाहिलं. “कुणी सेव्हच केला नाही.”

रोज सकाळी आपला बाप एवढ्या माणसांना आभाळ दाखवतो असं दोघा भावांना वाटत होतं. चेष्टाही करायचे ते त्याची. आणि आभाळ बघत कोण होतं, तर एक नर्स, एक चष्मेवाला आणि मेथी विकणारी बाई.

“यांनी कसा काय केला मग?” ज्ञानेशने गोजाबाईकडे बघत विचारलं.

“त्यांना तो लागत असेल,” निरंजन म्हणाला.

ज्ञानेशला राग आला, आणि राग आला की तो मोठा मुलगा व्हायचा. “अप्पांना आत्ता सांगू नको. नाव शालनमावशींकडून नाहीतर आणखी कुणाकडून उरकून घेऊ. हसं नको व्हायला.”

खुर्चीतून वर्षालीला यातलं अर्धंच ऐकू आलं होतं. तेवढंही तिला पुरलं. तिने बाळाच्या टाळूवर हात ठेवला. जागी आहे की झोपेत, तिचं तिलाच कळत नव्हतं, पण तिच्या मनात एक गोष्ट स्वच्छ उभी राहिली: ज्याच्याकडे नंबर आहे, त्याला आमंत्रण आहे. आणि हा नंबर कुणाकडे नक्की असणार, हे तिला माहीत होतं.

*

इमारतीच्या फाटकाबाहेर, गुलमोहराखाली, एक गाडी बराच वेळ उभी होती. मागे करिष्मा बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत झबलं-टोपडं. पुढे तिचा नवरा सनी, आणि त्याच्या शेजारी त्याचे वडील भिवा.

“आपल्याला म्हणून नाहीये ते,” करिष्मा पुन्हा म्हणाली. “सगळ्यांना पाठवलंय. त्यात मी चुकून राहिले असेन.”

“चुकून तीन वर्षं?” सनी म्हणाला.

तिने मोबाइल उघडला. वरपासून खालपर्यंत आभाळंच आभाळं. एकही उत्तर नाही, कारण बाप बोलणार नाही म्हणाला होता. त्याचा शब्द आपल्यामुळे मोडायला नको, म्हणून ती फक्त बघायची. अप्पांनी नवा नंबर घेतला तेव्हा निरंजनने तिला नुसते दहा आकडे पाठवले होते, पुढे मागे काही नाही. अप्पांनीच त्याला सांगितलं होतं म्हणे, राहिलेल्या सगळ्यांना कळव. त्याने विचारलं होतं, सगळ्यांना? ते म्हणाले होते, सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं आभाळ आलं. ‘आज उंट.’ ती लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होती, आणि तिथेच स्टुलावर बसली.

उंट म्हणजे काय, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. ती लहान असताना अप्पा थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी यायचे, अंगाला ऑइलचा वास, डोळे तांबडे. झोपण्याआधी तिला कडेवर घेऊन गच्चीवर जायचे आणि विचारायचे, सांग, आज आभाळात काय? ती म्हणायची घमेलं, ते म्हणायचे उंट. भांडण मिटेपर्यंत ढगच बदलून जायचा. मग ते झोपायचे आणि ती शाळेत जायची. दिवसभरात बापलेकींची तेवढीच गाठ.

“आज तर त्यांनी लिहिलंही नाही काही,” ती म्हणाली. “बघा. नुसतं आभाळ. मनातून उतरले असेन.”

भिवा आत्तापर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते. ज्योतीराम आणि ते वीस वर्षं पिंपरीच्या कंपनीत एका प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर, उभे राहिले होते. एकाच डब्यात जेवले. भिवाची बायको कस्तुरा हिने केलेलं सुकट ज्योतीराम घरी नेऊन चोरून खायचे, आणि सुभद्राबाईंच्या पुरणपोळ्या भिवाच्या घरी मोजून यायच्या. डबा चालला, सोयरीक चालली नाही. आपण बौद्ध आणि ते मराठे, हे वीस वर्षं ठाऊक असूनही ज्योतीरामांना त्या दिवशी पहिल्यांदा कळल्यासारखं झालं. त्याचं दुःख भिवांना अपमानापेक्षा जास्त झालं होतं.

“मलाबी येतंय ते,” भिवा म्हणाले.

“काय?”

“आभाळ.” त्यांनी शर्टाच्या खिशातून आपला जुना फोन काढला. “सनीनं नंबर दिला त्याच दिवशी घातला मी. कुणाला बोललो न्हाई. तुमाला वाटायचं, म्हातारा सकाळी बातम्या बघतोय.” त्यांनी फोन परत खिशात ठेवला. “तू जा वर. बाळाची आत्या हायस. आमी दोघं हितं बसतो. आम्हाला बोलवायला फोन पुरायचा न्हाई.”

करिष्मा उतरली. चार मजले चढताना तिला वाटत होतं की आपण झोपेत चढतोय, आणि जिना संपूच नये.

*

गच्चीच्या दारात ज्ञानेशच उभा होता. त्याने तिला पाहिलं आणि दारातून हलला नाही.

“तुला कुणी बोलावलं?”

करिष्माने मोबाइल पुढे धरला. “अप्पांनी.”

“ते सगळ्यांना गेलंय.”

“सगळ्यांना नाही गेलं, दादा,” मागून निरंजन म्हणाला. “आत्ताच तर बोललो आपण.”

“तू मधे बोलू नको.” ज्ञानेशचा आवाज खाली आला, आणि खालच्या आवाजातला ज्ञानेश जास्त वाईट. “वर्षालीच्या माहेरची माणसं बसलीत. काय सांगू त्यांना? ही कोण म्हणून?”

“माझी नणंद म्हणून,” वर्षाली म्हणाली.

ती खुर्चीतून उठून आली होती, बाळ खांद्यावर. कित्येक दिवसांत ती एवढी जागी दिसली नव्हती. “कढीपत्त्याचं रोप कुणी सांगितलं मला? पाय सुजले तेव्हा काय करायचं ते कुणी सांगितलं? इन्स्टावर ती बाल्कनीतल्या झाडांचे फोटो टाकते. पहिल्यांदा मी झाडासाठीच विचारलं. मग दोन वर्षं बोलतोय आम्ही. तिला माहितीये मी कोण, मला माहितीये ती कोण.”

“दोन वर्षं?” ज्ञानेशने बायकोकडे पाहिलं, मग निरंजनकडे. निरंजनने मान खाली घातली.

“मी स्टोऱ्या बघतो तिच्या. बघितलं की तिला माझं नाव दिसतं. तेवढंच.”

“मीबी बघती,” सुभद्राबाई म्हणाल्या. घुगऱ्यांचं पातेलं कडेवर तसंच होतं. “ह्याच्या फोनमदी. भाजी फोडणीला टाकली की हा यितो आन् दाखवतो. तिनं केस कापल्यालं मला तवाच कळलं. मला न्हाई आवडलं ते.” एवढं बोलून त्या रडायला लागल्या, पण पातेलं खाली ठेवलं नाही.

घराने जिचं नाव टाकलं होतं, तिच्याकडे घरातला प्रत्येक जण आपापल्या वाटेने जाऊन येत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ही वाट आपल्या एकट्याचीच. राहिला होता फक्त ज्ञानेश. चार वर्षांपूर्वी रागात त्याने तिला ब्लॉक केलं होतं. राग केव्हाच गेला. ब्लॉक तेवढं राहिलं. काढायचं कुणासमोर, आणि काढून म्हणायचं काय, हे त्याला सुचलं नव्हतं.

“मला कुणीच सांगितलं नाही,” तो म्हणाला. त्याला तिचा राग नव्हे, बाकीच्यांचा हेवा वाटत होता, आणि ते त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

मांडवातून शालनबाई उठल्या. त्यांनी करिष्माला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“बाळाची सख्खी आत्या हीच का?”

“हो,” ज्ञानेश म्हणाला. हो म्हणताना त्याला इतकं बरं वाटलं की तोच दचकला.

“मग दारात का उभी केलीया? तासभर झाला मी खुर्च्या बघत बसलीया. नावाचा खोळंबा, पोरगी भुकंला आलीया. तुमचं घरातलं तुमी नंतर बघा.” एवढं सांगून त्या जागेवर जाऊन बसल्या. जुन्नरच्या दोन गाड्यांपुढे ज्या सासूची ज्ञानेशला भीती वाटत होती, ती एवढीच निघाली.

आता सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे गेल्या. ज्योतीराम पाळण्याजवळ उभे होते. हातात झेंडूची एक सुटलेली माळ. किती वेळ ते तिथून बघत होते, कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी माळ बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि चालत दाराकडे आले. करिष्माच्या अगदी समोर आले. तिने वाकून पाया पडायला हात पुढे केला.

ते तिच्या बाजूने निघून जिना उतरायला लागले.

“आवं,” सुभद्राबाई म्हणाल्या.

करिष्मा वाकलेली तशीच राहिली, मग हळूच सरळ झाली. पिशवीतलं झबलं तिने वर्षालीच्या हातात दिलं. “मी निघते, वहिनी. दिलं, झालं.”

“थांब,” वर्षाली म्हणाली.

“नको. त्यांचं घर आहे. त्यांनी जिना उतरावा आणि मी वर बसावं, हे नाही जमणार मला.”

निरंजन कठड्याशी धावला होता. तिथून त्याने सगळ्यांना हाताने गप्प केलं. खाली ज्योतीराम फाटकातून बाहेर पडत होते. कठड्यावरून दुपारपासून दिसत असलेल्या गुलमोहराखालच्या गाडीपाशी गेले. काचेवर बोटांनी टकटक केली, कंपनीत प्रेस थांबवायला करत तशी. काच खाली गेली. काय बोलणं झालं ते चार मजल्यांवर ऐकू आलं नाही. फक्त एवढं दिसलं की ज्योतीरामांनी दार उघडलं, भिवाचा हात धरला आणि त्यांना बाहेर ओढलं. भिवा आधी आले नाहीत. मग आले. दोन म्हातारे फाटकाशी काही वेळ नुसते उभे राहिले, आणि मग एकमेकांचा हात न सोडता चालायला लागले. मागून सनी गाडीला कुलूप लावून, कुणी विचारायच्या आत शर्ट खोचत निघाला.

*

नाव ठेवायला दिवस कलला. पांढऱ्या कापडावर आता केशरी ऊन पडलं होतं, आणि त्या उजेडात सगळीच माणसं जुन्या फोटोतल्यासारखी दिसत होती. डाव्या बाजूच्या पहिल्या खुर्चीवर भिवा बसले होते. आधी ते मागच्या रांगेतल्या खुर्चीकडे वळले होते; ज्योतीरामांनी ती खुर्चीच काढून घेतली.

करिष्मा पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं, रेवा. मग आत्याच्या पाठीत धपके घालायची पाळी आली. बायका पुढे सरसावल्या. जुन्नरच्या बायकांनी आधी बेताने घातले, मग रंगात येऊन. गोजाबाईने घातला. सिस्टरांनी घातला. सुभद्राबाईंनी आईचा मान नसूनही एक घातला, आणि तो सगळ्यांत मोठा होता. चार वर्षांचा होता तो. करिष्मा हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पाठ दुखते म्हणून येतंय असं कुणालाही सांगता आलं असतं.

ज्ञानेश तिच्यासमोर येऊन उभा राहिला. खिशातून फोन काढला, काही तरी दाबलं आणि परत ठेवला. “झालं,” म्हणाला. तिने मान हलवली.

पंगत बसली. डावी बाजू अजून बरीचशी रिकामी होती आणि जिलब्या उरणार हे सरळ दिसत होतं. निरंजन बापाशेजारी येऊन बसला. आत्ता सांगू नको असं ठरलं होतं, पण त्याला राहवलं नाही.

“अप्पा, एक सांगू? तुमचे मेसेज भावकीत कुणालाच जात नव्हते. कंपनीतल्यांनाही नाही. तीन वर्षं.”

“व्हय?”

“त्यांनी नंबर सेव्ह केला नव्हता तुमचा.”

ज्योतीरामांनी वरण कालवलं. त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. “भावकीतल्या बबनला मी स्वतः लिहून दिला हुता,” ते म्हणाले. थोडा वेळ जेवले.

“पण तुमच्या लक्षात कसं नाही आलं? कुणी कुणी बघितलं, ते त्यात दिसतं. मीच दाखवलं होतं तुम्हाला. तुम्ही कधी उघडून बघितलंच नाही का?”

“बघायचो की. रोज बघायचो.”

“मग?”

“मी एकच नाव बघायचो,” ज्योतीराम म्हणाले. “ते निळं झालं की फोन ठिवून द्यायचो.”

निरंजनचा घास हातातच राहिला. वाढायला आलेली करिष्मा दोन पावलांवर होती, हातात जिलबीचं ताट. तिने ते ऐकलं होतं. ती खाली बसली, तिथेच, पंगतीच्या मधल्या वाटेत, ताट मांडीवर घेऊन. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही. तिने मोबाइल काढला, सकाळचा फोटो उघडला आणि बापासमोर धरला.

“आज काही लिहिलं नाही तुम्ही,” ती म्हणाली.

ज्योतीरामांनी उष्टा हात बाजूला धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“तू सांगशील म्हणून ठिवलं,” ते म्हणाले.

फोटोत धुकं होतं, आणि धुक्यातून वर आलेला एक ढग. तिने डोळे पुसले आणि नीट बघितलं, जितकं बघायला हवं तितकं.

“घमेलं आहे,” ती म्हणाली.

“घमेलं कुठलं,” ज्योतीराम म्हणाले. “उंट हाय तो. मान बघ की त्याची.”